पिल्लाच्या तोंडात मावेल ते खाद्य

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

या वेळच्या टपालात समुद्री माशांच्या पिल्लांच्या खाण्याविषयीची पत्रे बरीच होती. काही तळेधारकांची, काही मत्स्यविज्ञानाच्या विद्यार्थ्यांची, एक-दोन हौशी मंडळींची. त्यांतले निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : जिताड्याचे एक इंची बीज आणून खाजणातल्या तळ्यात हापा (बारीक जाळीचा पिंजरा) बांधून सोडले. हाप्यात हजार नग होते. बारा दिवसांनी मोजले तर निम्मेही भरले नाहीत. मेलेला मासा एकही तरंगताना दिसला नाही, हापाही कुठे फाटलेला नाही. मग बीज गेले कुठे? — एक मत्स्यशेतकरी, पेण

उत्तर : बीज हाप्यातच आहे, थोराड भावंडांच्या पोटात. जिताडा दीड-दोन सेंटिमीटरचा झाला की समोर हलणाऱ्या घासावर झडप घालतो. तो घास कोळंबीचे पिल्लू आहे की सख्खे भावंड, हे तो बघत नाही. आपल्या लांबीच्या सुमारे दोन तृतीयांश लांबीचे पिल्लू तो आख्खे गिळू शकतो. म्हणजे ३० मिलिमीटरच्या नगापुढे २० मिलिमीटरचा नग आला की तो खाद्यच. आख्खा गिळल्यामुळे मागे काही उरत नाही, म्हणून मेलेला मासा दिसत नाही. हाप्याच्या तळाशी नीट पाहिलेत तर एखादी जोडी सापडेल : एकाच्या तोंडात दुसरा अडकलेला आणि दोघेही मेलेले. घास मापापेक्षा मोठा पडला की असे होते.

सोडताना सगळे बीज सारखेच दिसते, पण त्यात थोडे नग पहिल्यापासून चार-पाच मिलिमीटरने पुढे असतात. पहिले भावंड गिळले की ते आणखी झपाट्याने वाढतात आणि आठवडाभरात बाकीच्यांशी त्यांचा मेळच राहत नाही. नुकसान हे मूठभरच करतात. त्यामुळे 'खाद्य वाढवा' हा सल्ला एकटा पुरा पडत नाही. आधी प्रतवारी हवी.

प्रतवारीसाठी महागडे यंत्र लागत नाही. प्लास्टिकच्या टबांना ३, ५, ७ आणि १० मिलिमीटर व्यासाची भोके पाडून घ्या आणि भोकांच्या कडा आतून-बाहेरून घासून गुळगुळीत करा, नाहीतर खवले निघतात आणि दोन दिवसांत बुरशी धरते. टब पाण्यात अर्धा बुडवून धरा, त्यात बीज सोडा. बारके नग आपणहून पोहत बाहेर जातील. टब हलवू नका, पाण्याबाहेर उचलू नका, नग हाताने धरू नका. हे काम सकाळी, खाद्य द्यायच्या आधी आणि सावलीत करा, कारण भरल्या पोटी हाताळले की पिल्ले घास ओकतात आणि दमतात. एका हाप्यातला सर्वांत लहान नग सर्वांत मोठ्याच्या तीन चतुर्थांशापेक्षा कमी नसावा. ३० मिलिमीटरच्या सोबतीला २३ मिलिमीटरचा चालेल, २० चा नाही. बोटुकली १० सेंटिमीटरची होईपर्यंत दर तीन-चार दिवसांनी ही प्रतवारी करायची. एवढी वारंवार नको म्हणून आठवड्यावर ढकलली की पहिले पाढे पंचावन्न.

आता खाद्य. पन्नास नग एकत्र तोलून सरासरी वजन काढा. नग पाव ग्रॅमचा असेल तर हजारांचे वजन २५० ग्रॅम. बारीक कुटलेली ओली मासळी देत असाल तर पहिल्या आठवड्यात रोज एकूण वजनाइतकीच, म्हणजे २५० ग्रॅम, पाच-सहा वेळांत वाटून द्या. दुसऱ्या आठवड्यात वजनाच्या ६० टक्के, तिसऱ्यात ४० टक्के. दर वेळी वजन नव्याने तोलून. पहिला घास उजाडताना आणि शेवटचा मावळतीला हवा, कारण उपाशी जिताडा संधिप्रकाशात सर्वांत जास्त शिकार करतो. तुकडा ४ ते ६ मिलिमीटरचा, तुमच्या एक इंची बिजाला त्याहूनही बारीक. जिताडा तळाशी पडलेले खाद्य सहसा उचलत नाही, पाण्यातून खाली येणारा घासच टिपतो. म्हणून एकदम ओतू नका. हाप्याच्या एकाच कोपऱ्यात पाण्यावर टपटप आवाज करून चिमूट-चिमूट टाका. चार-पाच दिवसांत पिल्ले आवाजाला जमू लागतात. कुटलेली मासळी टाकण्यापूर्वी धुवा. रक्त आणि तेल हाप्याच्या जाळीवर बसले की जाळी चोंदते आणि पहाटे आतला प्राणवायू कमी पडतो.

मोकळ्या खाडीत हा गोंधळ एवढा होत नाही, कारण तिथे पिल्ले विखुरलेली असतात आणि वेगळे अन्न मुबलक असते. उत्तर ऑस्ट्रेलियात जिताड्याच्या पोटांची तपासणी झाली, त्यात चार सेंटिमीटरपर्यंतच्या पिल्लांत मुख्यतः सूक्ष्म कवचधारी जीव होते. आठ सेंटिमीटरपर्यंत त्यांची जागा कोळंबीसारख्या मोठ्या कवचधारींनी घेतली, आणि मासे खाण्याचे प्रमाण त्यापुढे वाढत गेले. हाप्यात आपण मधल्या पायरीचे अन्न देत नाही, म्हणून पिल्लू ती पायरी भावंडांवर भागवते. खाजणातली बारीक कोळंबी किंवा ताजा जवळा मिळत असेल तर कुटलेल्या मासळीत जरूर मिसळा.

प्रश्न : हॅचरीत प्रशिक्षण घेत आहे. जिताड्याची अंडी छान फुटली, टाकीत रोटिफर भरपूर होते, तरी पाचव्या दिवशी बहुतेक पिल्ले मेली. रोटिफर खाऊनही पिल्ले कशी मरतात? — एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : टाकीत रोटिफर, म्हणजे पिल्लांना पहिले खाद्य म्हणून देतात ते सूक्ष्म जलजीव, होते हे खरे. पिल्लांच्या पोटात होते का, हे पाहिले होते? आपल्याकडे जिताड्याचे नियंत्रित प्रजनन १९९७ मध्ये चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने प्रथम यशस्वी केले. आज अंडी मिळवणे तितके अवघड राहिलेले नाही. बॅच हातची जाते ती पहिल्या आठवड्यात.

अंड्यातून निघते तेव्हा पिल्लू जेमतेम दीड मिलिमीटरचे असते. तोंड उघडलेले नसते, डोळ्यांत रंग नसतो, पोटाला बलकाची पिशवी असते. २८ अंश तापमानात दुसऱ्या दिवसाच्या शेवटी ते तिसऱ्या दिवशी तोंड उघडते आणि त्याच सुमारास बलक संपत येतो. तेव्हा तोंडाचा आ सुमारे पाव मिलिमीटर, म्हणजे २५० मायक्रॉन. पिल्लू त्या आ एवढा घास घेत नाही. त्याच्या पाव ते निम्म्या रुंदीचा घास त्याला सोयीचा पडतो. आता रोटिफर पाहा. मोठ्या जातीचा, म्हणजे ब्रॅकिओनस प्लिकॅटिलिस, २०० मायक्रॉनच्या पुढे सहज जातो. लहान जातीचा, ब्रॅकिओनस रोटुंडिफॉर्मिस, १०० पासून सुरू होतो. टाकीत मोठी जात असेल तर पिल्लू अन्नाच्या ढिगात उपाशी मरते. पहिले तीन दिवस लहान जातच वापरा, किंवा असलेला साठा १०० मायक्रॉनच्या कापडातून गाळून खाली उतरलेलेच रोटिफर द्या. हेकरू या माशाच्या पिल्लाचा आ तर याहूनही लहान असतो. त्याला लहान जातीतलेही सर्वांत बारीक रोटिफर किंवा कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी जिवाची अगदी कोवळी पिल्लेच लागतात.

दुसरे कारण, पिल्लाला रोटिफर दिसत नाही किंवा पकडता येत नाही. या वयात नजर जेमतेम आपल्या शरीराच्या लांबीइतकीच पोहोचते. पिल्लू भक्ष्य शोधत लांब फिरत नाही. जवळून गेलेल्याकडे बघून अंग इंग्रजी एस अक्षरासारखे वळवते आणि पुढे झेपावते. सुरुवातीच्या बहुतेक झेपा वाया जातात. म्हणून घनता हवी : मिलिलिटरला १० ते २० रोटिफर, दिवसातून दोन-तीनदा मोजून. एरेशन, म्हणजे पाण्यात हवा सोडणे, इतकेच ठेवा की पाणी संथ फिरेल. जोरदार बुडबुड्यांत झेप पुरी व्हायच्या आत भक्ष्य वाहून जाते. उजेड ५०० ते १००० लक्स, टाकीच्या भिंती गडद आणि पाण्यात नॅनोक्लोरोप्सिस या सूक्ष्म शैवालाची फिकट हिरवी झाक. हिरव्या पाण्यात उजेड सारखा पसरतो, रोटिफर उठून दिसतो आणि स्वतःही भरल्या पोटी राहतो. अंधारात या वयाची पिल्ले खात नाहीत.

तिसरे कारण म्हणजे रोटिफरच रिकामे असणे. शैवाल न मिळालेला रोटिफर अर्ध्या-एका तासात आतून मोकळा होतो. मग पिल्लाचे पोट भरलेले दिसते, पण अंगी काही लागत नाही. देण्यापूर्वी त्यांना शैवालावर किंवा तेलयुक्त पोषकावर ठेवायचे आणि धुऊन लगेच टाकीत सोडायचे. धुणे टाळले तर चौथे संकट उभे राहते : पाण्यावर तेलाचा तवंग. तिसऱ्या ते पाचव्या दिवसांच्या दरम्यान पिल्लू पृष्ठभागावर येऊन हवेचा एक घोट घेते आणि त्यावर त्याची वाताशय पिशवी फुगते. तवंग असला तर घोट मिळत नाही, पिशवी फुगत नाही आणि जगलेली पिल्लेही पुढे वाकड्या कण्याची होतात. सकाळ-संध्याकाळ टिपकागद पाण्यावर सरकवून तवंग काढा.

पुढच्या खेपेस एवढे नक्की करा. तिसऱ्या दिवसापासून, खाद्य दिल्यावर दोन तासांनी, वीस पिल्ले काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. शरीर पारदर्शक असते, आतडे सरळ नळीसारखे दिसते आणि रोटिफरच्या कवचाचे तुकडे ओळखू येतात. वीसांत पंधरा-सोळा भरलेली दिसली तर बॅच मार्गावर आहे. पाच-सहाच असतील तर त्याच तासाला कारण शोधा. बलक संपल्यावर एक-दोन दिवस उपास पडला की आतड्याचे अस्तर खंगते. त्यानंतर तोंडाशी अन्न आणून ठेवले तरी पिल्लू खात नाही. पाचव्या दिवशी दिसलेले मरण बहुधा तिसऱ्या दिवशीच ठरलेले असते.

प्रश्न : आर्टेमिया सुरू केल्यावर पिल्लांची पोटे फुगून मरतूक झाली. अंडी खराब होती का? — एक हॅचरी कामगार, मालवण

उत्तर : आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातला बारीक कवचधारी; त्याची अंडी उबवून निघालेली पिल्ले माशांना देतात. तुमच्याकडे बहुधा त्या अंड्यांची कवचे आणि न फुटलेली अंडी पिल्लांच्या पोटात गेली. ती पचत नाहीत, आतड्यात अडकतात. अंडी उबवताना एका लिटरला २ ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका; क्षारता २५ ते ३५ पीपीटी (हजारी भाग), तापमान २८ अंश, सामू ८ च्या वर, डोक्यावर सतत उजेड आणि निमुळत्या तळातून जोरदार हवा. १८ ते २४ तासांत पिल्ले बाहेर पडतात. मग हवा बंद करून पाच-दहा मिनिटे थांबा. रिकामी कवचे वर तरंगतात, न फुटलेली अंडी अगदी तळाशी बसतात, आणि जिवंत नारिंगी पिल्ले खालच्या बाजूला उजेडाकडे गोळा होतात. तोटी सोडल्यावर पहिली धार टाकून द्या, मधली नारिंगी घ्या, कवचे यायच्या आत तोटी बंद करा. दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबलात तर तळाच्या गर्दीत पिल्लेच गुदमरतात. नेहमीच त्रास होत असेल तर अंड्यांचे कवच हायपोक्लोराइटने आधीच विरघळवून घेण्याची पद्धत शिकून घ्या.

ताजे आर्टेमिया ४०० ते ५०० मायक्रॉनचे असते, म्हणून जिताड्याला ते आठव्या ते दहाव्या दिवसाआधी देण्यात अर्थ नाही. पहिले काही दिवस रोटिफरसोबत थोडे द्या; एकदम बदल केला की लहान पिल्ले मागे पडतात आणि मोठी त्यांना खाऊ लागतात. उबवल्यावर लगेच दिले तर त्यात बलकाची ताकद असते. सहा-आठ तास तसेच ठेवले तर ते आपलाच साठा जाळते, आकाराने वाढते आणि पळण्यातही चपळ होते. डीएचए हे मेदाम्ल आर्टेमियात जवळजवळ नसतेच, आणि समुद्री पिल्लांच्या मेंदूला व डोळ्यांना ते लागते. म्हणून दुसऱ्या अवस्थेत त्याचे तोंड उघडल्यावर १२ ते २४ तास पोषक द्रावणात ठेवून मगच द्या. कोपेपॉडमध्ये हे मेदाम्ल उपजत असते आणि त्याच्या झटके देत पोहण्याने पिल्लांचे लक्षही चटकन वेधले जाते. आमच्या मते, थोड्या प्रमाणात का होईना, कोपेपॉडची टाकी प्रत्येक हॅचरीत असावी.

प्रश्न : एम.एफ.एस्सी.च्या प्रबंधासाठी डोलीत (पिशवीसारख्या जाळ्यात) मिळालेल्या मांदेलीच्या पिल्लांची पोटे तपासत आहे. पोटात जे जास्त सापडते तीच त्यांची आवड, असे लिहिता येईल का? — एक विद्यार्थी, मुंबई

उत्तर : नाही. पोटात जास्त सापडणे आणि आवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवड ठरवायला त्याच वेळी, त्याच खोलीवर पाण्यात काय किती होते, हेही मोजावे लागते. त्यासाठी इव्हलेव्हचा निवड निर्देशांक सोपा आहे : पोटातल्या टक्केवारीतून पाण्यातली टक्केवारी वजा करायची आणि त्या वजाबाकीला दोन्हींच्या बेरजेने भागायचे. उत्तर उणे १ ते अधिक १ या दरम्यान येते. समजा, पाण्यात कोपेपॉड ४५ टक्के आणि पोटात ३० टक्के. वजाबाकी उणे १५, बेरीज ७५, निर्देशांक उणे ०.२. जवळ्याची पिल्ले पाण्यात ५ टक्के आणि पोटात ४५ टक्के असतील तर ४० भागिले ५०, अधिक ०.८. नुसती पोटे मोजली असती तर कोपेपॉड हे आवडीचे दुसरे अन्न ठरले असते. प्रत्यक्षात पिल्लू त्यांना मागे सारून जवळा वेचत आहे.

पण हे गणित नमुन्याइतकेच खरे. २०० मायक्रॉनच्या जाळीने प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) गोळा केलेत तर कोपेपॉडची कोवळी पिल्ले जाळीतून निसटतात, पाण्यात ती कमी भासतात आणि मासा ती आवडीने खातो असा खोटा निष्कर्ष निघतो. २०-३० मिलिमीटरच्या माशांसाठी ५०-६० मायक्रॉनची जाळीही सोबत ओढा. डोलीचा घोळ आणखी वेगळा. ती भरती-ओहोटीच्या ओढीवर तासन्‌तास तोंड उघडून बसते. तेवढ्या वेळात उष्ण पाण्यात आधीचे अन्न पचून जाते, आणि खोळ्यात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, जवळ्याच्या गर्दीत अडकलेला मासा तिथेच खातो. तोंडात आणि घशात सापडलेला जवळा मोजू नका, जठरातलाच मोजा. आणि जमेल तर काही नमुने लहान ओढीच्या जाळ्यातून घ्या.

मासा हाती आला की लगेच ५ टक्के फॉर्मेलिनमध्ये टाका, सावकाश मरू देऊ नका. घुसमटणारा मासा पोटातले ओकतो. पाच सेंटिमीटरवरच्या माशाचे पोट टोचून आत फॉर्मेलिन सोडा, नाहीतर बाहेरून टिकतो आणि आतून सडतो. पकडल्याची वेळ आणि भरतीची स्थिती प्रत्येक बाटलीवर लिहा. माशांचे १० मिलिमीटरच्या टप्प्याने गट पाडा. १५ आणि ५५ मिलिमीटरच्या मांदेलीची एकत्र सरासरी काढली तर आहार बदलतो तो नेमका टप्पा त्या सरासरीत बुजून जातो. रिकामी पोटे फेकू नका, त्यांची टक्केवारी स्वतंत्र द्या. संख्या, घनफळ आणि किती माशांत सापडले, ही तिन्ही मापे घ्या. पहिल्या दोहोंच्या टक्क्यांची बेरीज गुणिले तिसरे, हा पिंकास व सहकाऱ्यांचा १९७१ चा सापेक्ष महत्त्व निर्देशांक. शंभर कोपेपॉड आणि एक जवळा यांत पोट कोणी भरले, ते संख्येवरून कळत नाही. आणि एक सावधगिरी : जेलीसारखे मऊ जीव जठरात फार लवकर विरघळतात. ते सापडले नाहीत म्हणून खाल्ले नाहीत, असे लिहू नका.

प्रश्न : बोंबील आणि पापलेटची पिल्ले काय खातात? — एक वाचक, वसई

उत्तर : बोंबलाच्या पिल्लांचा मुख्य आधार जवळा आणि इतर बारीक कवचधारी. वाढला की करंदी, मांदेली, आणि स्वतःच्या जातीची पिल्लेसुद्धा. पापलेटबद्दल सांगणे कठीण, कारण त्याच्या घशामागे काटेरी पिशव्या असतात आणि अन्न जठरात पोचेपर्यंत त्याचा लगदा होतो. कोपेपॉड, सॅल्प (जेलीसारखा पारदर्शक जीव) आणि जेलीफिश हे त्याचे नोंदले गेलेले अन्न आहे.

प्रश्न : समुद्र तापल्याने मासे कमी होतात, असे वाचले. तापमानाचा पिल्लांच्या खाण्याशी काय संबंध? — एक शिक्षिका, पुणे

उत्तर : वेळेचा आणि मापाचा. नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान योर्ट यांनी १९१४ मध्येच मांडले होते की एखाद्या वर्षी किती मासळी होणार, हे बरेचसे पिल्लांच्या पहिल्या काही दिवसांत अन्न मिळते की नाही यावर ठरते. पुढे ब्रिटनच्या डेव्हिड कुशिंग यांनी त्यात वेळापत्रक आणले : पिल्ले निघण्याचा हंगाम आणि प्लवंगाचा बहर जुळला तर पीक चांगले, चुकला तर वर्ष वाया.

उत्तर समुद्रातल्या कॉड माशाचे उदाहरण यावर नेमके बसते. तिथे वसंतात कॅलॅनस फिनमार्किकस या कोपेपॉडची गर्दी असे आणि कॉडची पिल्ले त्याच्या निरनिराळ्या अवस्था खात मोठी होत. पाणी तापले तसा तो उत्तरेकडे सरकला आणि त्याच्या जागी कॅलॅनस हेल्गोलँडिकस वाढला, ज्याचा बहर उन्हाळ्याच्या अखेरीस येतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हा प्लवंगबदल आणि कॉडच्या पिल्लांची घट यांचे नाते दाखवले. वर्षभराचा कोपेपॉडचा ढीग मोजला तर तो पुरेसा वाटेल. पिल्लाला तो मार्च ते जुलैमध्ये, त्याच्या मापाचा हवा असतो. बेसुमार मासेमारीने कॉड आधीच खचला होता, हेही त्यासोबत सांगायलाच हवे.

तापमानाचा दुसरा परिणाम पिल्लाच्या अंगावर होतो. कोमट पाण्यात बलक लवकर संपतो, भूक वाढते आणि उपास सोसण्याची मुदत तासांवर येते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर रूबेन लास्कर यांनी १९७४ मध्ये पाहिले की अँकोव्ही या लहान माशाच्या पिल्लांचे अन्न पाण्यात एका पातळ थरात दाटलेले होते, आणि एका वादळाने तो थर ढवळून विरळ केला. अन्न तेवढेच राहिले, पण पिल्लाच्या नजरेच्या टप्प्यात पुरेसे येईना.

प्रश्न : घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत क्लाउनफिशने अंडी घातली आहेत. पिल्लांना बाजारातली पूड चालेल का? — एक वाचक, दुबई

उत्तर : पहिल्या आठवड्यात नाही. पूड हलत नाही, तळाशी बसून पाणी नासवते. अंडी साधारण आठव्या-नवव्या रात्री, दिवे मालवल्यावर फुटतात. त्या संध्याकाळपर्यंत रोटिफर तयार हवेत, त्यामुळे त्यांची पैदास आजच सुरू करा. पिल्ले तीन-चार मिलिमीटरची, तोंड जिताड्यापेक्षा मोठे, त्यामुळे साधे रोटिफर चालतात : मिलिलिटरला १० ते १५. वेगळ्या टाकीच्या बाजूंना काळा कागद लावा, नाहीतर पिल्ले काचेवर आपटत राहतात. पाचव्या दिवसापासून ताजे आर्टेमिया थोडे-थोडे, रोटिफर चालू ठेवून. आठव्या ते पंधराव्या दिवसांत पांढरे पट्टे उमटले आणि पिल्ले तळाकडे वळली की पूड सुरू करा, पण आर्टेमिया आणखी आठवडाभर बंद करू नका. रोज तळ नळीने ओढून घ्या आणि काढले तेवढेच, त्याच क्षारतेचे पाणी थेंबाथेंबाने भरा.